न उघडणारी पत्रिका

"शैले, ही पत्रिका उघडंना झालीया. जरा बघ."

मी दारात चपला काढत होते. एका हातात आईच्या रक्ताचे रिपोर्ट, दुसऱ्या हातात गोळ्यांची पिशवी. आबा बाहेरच्या सोप्यात खुर्ची टाकून बसले होते आणि मोबाइलवर बोट आपटत होते. मोबाइलला नुसता हात लावला तरी चालतो, हे त्यांना कधीच पटलं नाही. दाराची कडी वाजवावी तसं ते त्यावर बोट वाजवायचे.

"कुणाची पत्रिका?"

"तेच तर कळंना. उघडली तर कळंल न्हवं."

"पाठवली कुणी?"

"नंबर नवा हाय. पण लिवलंय बघ, 'आमचे घरी शुभकार्य, अगत्य यावे.' अगत्य यावे म्हणतोय म्हणजे आपलाच माणूस असणार की."

ही गोष्ट आमच्या गडहिंग्लजमधली, बरीच वर्षं झाली आता. मी आबांची एकुलती एक, लग्न होऊन गावातच राहिलेली. चौकात माझं औषधाचं दुकान आहे. 'मागं नेली होती ती पांढरी गोळी द्या' म्हणणाऱ्या माणसांशी मी दिवसभर बोलते, तेव्हा माझ्यात सोशिकपणा नाही असं निदान मला तरी कुणी म्हणू नये. पण त्या दिवशी माझ्या सहनशक्तीचा खरंच कडेलोट झाला.

सोमवारी आईला घेऊन कोल्हापूरला जायचं होतं. मंगळवारी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन. पाच वर्षं ती बाई भिंत धरून न्हाणीपर्यंत जात होती आणि 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत होती. डॉक्टर पुण्याहून यायचे, तेही महिन्यातून एकदा. तारीख हुकली की थेट दिवाळीनंतरची. त्यासाठी आबांनी मुदत ठेव मोडली होती, माझ्याकडचं होतं नव्हतं ते मी घातलं होतं, आणि सगळी रक्कम आबांच्या खात्यात येऊन पडली होती. सोमवारी दवाखान्यात भरायची, एवढंच काम राहिलं होतं.

"आणा इकडं," मी म्हटलं.

"थांब, आता होईल. मघाशी परवानगी मागत होता, ती दिलीया."

"कसली परवानगी?"

"एकेक विचारत होता. मी हो म्हणत गेलो."

"आबा, कशाकशाला हो म्हणालात?"

"सगळ्याला. लग्नाला बोलावणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

मी फोन हिसकावून घेतला. पत्रिका-बित्रिका काही नव्हती. एक पांढरा चौकोन, त्यात काहीतरी गोल गोल फिरत होतं. तेवढ्यात वरच्या कडेला बँकेचा मेसेज आला. ओटीपी. मी वाचेपर्यंत तो गायब. मागोमाग दुसरा आला, तोही गायब. तिसरा मात्र राहिला. आबांच्या खात्यातून दीड लाख रुपये गेल्याचा.

"आबा! पैसे चालले!"

"कुठं?"

"मला काय माहीत कुठं! ती पत्रिका नव्हे, चोर आहे तो! तुम्ही हाताला धरून घरात घेतलाय त्याला!"

मी आधी नेट बंद केलं. मग सिम काढायला गेले तर तो बारीक कप्पा नखानं काही उघडेना. आई आतून भिंत धरत आली, तिनं काय झालं ते विचारलंसुद्धा नाही, पदराची पिन काढून माझ्या हातात दिली. सिम बाहेर काढलं तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

मग माझ्या फोनवरून बँकेला. चौथा शनिवार होता, शाखा बंद. चोरांना बरं सगळं माहीत असतं. हेल्पलाइनवर एक बाई अतिशय गोड आवाजात सांगायला लागली की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मराठीसाठी अमुक दाबा, कर्जासाठी तमुक दाबा. घर लुटलं जात असेल तर काय दाबायचं ते शेवटपर्यंत सांगेना. दाबत दाबत एकदाची मी जिवंत माणसापर्यंत पोचले.

"खातं थांबवा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. कार्ड, नेट बँकिंग, सगळं."

"मॅडम, खातेदार स्वतः बोलतील का?"

मी फोन आबांच्या कानाला लावला. "हो म्हणा."

"कशाला हो म्हणू? आत्ताच हो म्हटल्यावर वरडलीस."

"आता म्हणा!"

त्या मुलानं विचारलं, आबांनी जन्मतारीख सांगितली. मग त्यांची शाळेत घातलेली तारीख वेगळी आणि खरी वेगळी, हेही त्याला सविस्तर सांगायला लागले. मी फोन ओढून घेतला. खातं गोठलं. लगेच १९३० ला फोन लावला, सायबर तक्रारीचा तो सरकारी नंबर. तिथल्या मुलीनं न चिडता एकेक गोष्ट विचारून घेतली. तिच्या शांतपणाचा मला तेव्हा हेवा वाटला. वेळेत फोन केलात, म्हणाली, पुढच्या खात्यात पैसे अडवायचा प्रयत्न करतो. ते पैसे पुढं काही महिन्यांनी थोडेफार परत आले, सगळे नाही आले.

"बाकीचे राहिले न्हवं?" आबांनी विचारलं.

"राहिले. पण खातं बंद. शाखेत जाऊन सगळं तपासल्याशिवाय एक रुपया निघणार नाही. सोमवारी दुपारपर्यंत दवाखान्यात पैसे भरायचेत, आबा. कुठनं भरणार?"

आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडं बघितलं आणि भिंत धरत आत निघाली. "बघू पुढच्या वर्षी," ती म्हणाली. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती तिथं.

"सिम काढलंस, आता पत्रिका कशी दिसायची?" आबा हळूच म्हणाले.

मोबाइल त्यांच्यावर फेकून मारावा असं मनापासून वाटलं.

"आबा, पत्रिका नाहीये! कुणाचंही लग्न नाहीये!"

"तू बघितलीस का उघडून?"

आता या माणसाला काय म्हणावं? एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते आबा. फलाटावर बेवारशी पिशवी दिसली तर अख्खा स्टँड रिकामा करायचे. आणि इथं घरात बसून अनोळखी माणसाला तिजोरी उघडून दिली होती, वर पुन्हा तो कुणाच्या लग्नाला बोलावत होता याची चौकशी चालली होती.

फोन नेटशिवाय उघडून मी त्यांनी आणखी काय घोळ घातलाय ते बघायला लागले. घोळ होताच. ती फाइल त्यांनी 'रेडेकर परिवार' नावाच्या ग्रुपवर टाकली होती. खाली लिहिलं होतं, 'कुणाकडचे लग्न ते कळवावे.' सात जणांनी हार्दिक शुभेच्छा दिल्या होत्या. कुणाला दिल्या, ते एकालाही माहीत नव्हतं. एका मामींनी नवरा-नवरीला फुलं पाठवली होती.

मी एकेकाला फोन लावत सुटले. उघडू नका, पुसून टाका, उघडली असेल तर बँकेला कळवा. प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं. "पण दिनकररावांनी पाठवलीया म्हटल्यावर..." हो, दिनकररावांनी, म्हणजे आमच्या आबांनी पाठवली. दिनकररावांना कुणी पाठवली ते विचारायला कुणाला सुचलं नाही. ज्या दोघांनी उघडली होती त्यांच्या खात्यात सुदैवानं काही नव्हतं. एवढं सुदैव घेऊन त्यांनी मला वर दहा मिनिटं ऐकवलं.

ग्रुपच्या खाली आणखी एक नाव होतं. फाइल एकट्या त्या नावाला वेगळी पाठवली होती. सोबत एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

'बापू.'

बापूकाका, आबांचे धाकटे सख्खे भाऊ. राहायला उत्तूरला, वडापच्या जीपनं जेमतेम अर्ध्या तासाच्या वाटेवर. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते ते काकांच्या मुलाच्या, राजूच्या लग्नापासून. आबा त्या लग्नाला गेले नव्हते, आईलाही जाऊ दिलं नव्हतं. पुढं राजू पुण्याला नोकरीला गेला, त्याला मुलगा झाला, बारसं झालं, या घरातनं कुणी गेलं नाही. अकरा वर्षं झाली होती. भांडणाचं कारण विचारलं की आबा म्हणायचे, 'त्याला विचार.' आणि काका म्हणायचे, 'दादाला विचार.'

"आबा, बापूकाकांना का पाठवलीत?"

"असंच."

"अकरा वर्षांत एक शब्द नाही, आणि हे असंच?"

"बोट लागलं असंल."

"बरं. आता फोन करून त्यांना सांगा, उघडू नका म्हणून."

"मी न्हाई करणार."

"आबा, त्यांचे पैसे जातील!"

"मी फोन करणार न्हाई म्हटलं न्हवं? तू कर."

फाइल पाठवायला चालत होती, सावध करायला मात्र मान आडवा येत होता. मी काकांना फोन लावला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळं 'उघडू नका' हे मला गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तीन वेळा सांगावं लागलं.

"आं? सकाळधरनं उघडायलोय की मी!" काका म्हणाले. "निस्तं फिरायलंय ते. कोण, शैला का? तूच शैला न्हवं?"

मग पुन्हा पिन, सिम, हेल्पलाइन. काकांच्या शेजारच्या मास्तरांना फोनवर घेऊन मी सगळं करवलं. काकांचं नशीब म्हणा, त्यांनी प्रत्येक परवानगीला 'नाही' म्हटलं होतं. उसाच्या बिलाचे पैसे जसेच्या तसे जागेवर होते.

"तुझ्या बापाला म्हणावं, येतोय मी," एवढं बोलून काकांनी फोन ठेवला.

तासाभरात ते खरंच आले. धोतराचा सोगा हातात, दुसऱ्या हातात तो सिम काढलेला फोन, आणि तोंड लालबुंद. आबा खुर्चीतून उठले नाहीत. काकाही बसले नाहीत. आई आतल्या दारात भिंतीला टेकून उभी राहिली.

"काय लावलंयस हे, दादा?" काका म्हणाले. "अकरा वर्षांत एक निरोप न्हाई. आज पत्रिका पाठवतोस, ती बी उघडत न्हाई. डोळं गेलं माझं बघून बघून."

"शैले, त्याला सांग, ती आपली पत्रिका न्हवं. मला कुणीतरी पाठवली, मी पुढं पाठवली."

"ते कळलं मला. शैलानं सांगितलं. पण तवा मला काय ठावं? मला वाटलं, शैलाच्या पोरीचं लगीन ठरलं."

"माझी पोरगी बारावीला आहे, काका," मी म्हटलं.

"किती वर्षं झाली तिला बघून. ती केवढी झालीया ते मला कुठनं कळणार?" काकांचा आवाज एकदम खाली आला. "म्हटलं, नातीच्या पत्रिकेवर दादानं माझं नाव घातलंय का न्हाई, तेवढं बघावं. म्हणून उघडत होतो सारखं."

आबा खाली बघत होते. मोबाइल नसल्यामुळं त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती.

"तू कशाला उघडत होतास?" काकांनी थेट त्यांना विचारलं.

मला वाटलं, आता पुन्हा 'शैले, त्याला सांग' येणार.

"मला वाटलं, तुझ्या पोरीचं, विद्याचं जमलं," आबा म्हणाले. "म्हटलं, या खेपेला तरी नीट छापलंय का बघावं."

"नीटच छापलं होतं त्या वक्ताला बी!"

"नीट? तुझ्या मेव्हण्याचं नाव वर, माझं खाली. त्याला राव, आणि मी निस्ता दिनकर! सख्खा थोरला भाऊ मी, निस्ता दिनकर!"

"छापणाऱ्याची चूक ती! किती डाव सांगू? दुसऱ्या पत्रिका छापायला येळ न्हवता!"

"तुझ्या मेव्हण्याचा राव बरा चुकला न्हाई त्याच्याकडनं!"

म्हणजे यासाठी. मी कपाळाला हात लावला. अकरा वर्षं, एक लग्न, एक बारसं, किती दिवाळ्या. आणि आता आईचे गुडघे. या 'राव'साठी आबा सकाळी त्या पांढऱ्या चौकोनाला हो, हो, हो म्हणत गेले होते. फोननं त्यांना काय काय विचारलं ते त्यांनी वाचलंसुद्धा नव्हतं. त्यांना फक्त खालची नावं बघायची होती. त्यांचा राग यावा का दया यावी, ते मला ठरवता येईना, आणि ते ठरवता येईना म्हणून मला आणखीच राग आला.

"काका," मी मधे पडले, "भांडा तुम्ही खुशाल. पण मंगळवारी आईचं ऑपरेशन आहे आणि त्याचे पैसे या पत्रिकेपायी अडकलेत."

काका वळले. आईकडं बघून म्हणाले, "वैनी? कसलं ऑपरेशन?"

कुणीच त्यांना सांगितलं नव्हतं. कोण सांगणार?

"गुडघ्याचं," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या भावजी. दिवाळीनंतर बघू."

"दिवाळीनंतर कशाला? शैला, राजूला लाव फोन. त्याला म्हणावं, पैसे आत्ता धाड. मी देतो त्याला मागनं."

मी राजूला लावला, स्पीकरवर टाकला. राजू पुण्यात, शनिवारचा घरीच होता. मी दोन वाक्यांत सांगितलं, तो लगेच म्हणाला, "ताई, पाठवतो. खाते नंबर सांग फक्त."

"त्याचं घेऊ नगंस," आबा म्हणाले. "मला नको कुणाचं."

"दादा, तुला न्हाई देत मी! वैनीला देतोय!"

"माझ्या बायकोचं मी बघीन."

"बघितलंस की सकाळी!"

"तू शाणपणा शिकवू नगंस. तू बी उघडत होतास!"

"मी परवानगी न्हाई दिली कशाला!"

दोघं उभे राहून एकमेकांवर ओरडत होते, स्पीकरवर राजू "थोरले आबा, थोरले आबा" करत होता, आणि मी मध्ये फोन धरून उभी होते. तेवढ्यात आतल्या दारातून आईचा आवाज आला. आई कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"आता या घरातनं एकच पत्रिका निघायची राहिलीया," ती म्हणाली. "माझ्या उत्तरकार्याची. तिच्यावर छापा दोघांची नावं. वर कोण, खाली कोण, ते मी गेल्यावर निवांत ठरवा. मला तेवढं न्हाणीपर्यंत चालू द्या तवर."

काकांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"इंदू, असलं बोलू नये," आबा म्हणाले.

"मग नंबर सांगा."

आईचं खातं दुसऱ्या बँकेत होतं, त्याला काही झालं नव्हतं. मी पासबुक आणायला निघाले तर आबांनी हातानं थांबवलं. तिच्या बँकेचे कागद भरून भरून त्यांना तो नंबर पाठ झाला होता. राजूशी मात्र ते बोलायला तयार नव्हते. काकांनी माझ्या हातातला फोन घेतला. आबा भिंतीकडं बघून एकेक आकडा म्हणत गेले आणि काका तोच आकडा फोनमध्ये ओरडून सांगत गेले.

"चार."

"चार!"

"शून्य."

"शून्य!"

"पुन्हा शून्य."

"पुन्हा शून्य! ऐकायलास न्हवं, राजू?"

असं शेवटपर्यंत चाललं. एकदा काकांना आबांचा आकडा ऐकू आला नाही, तर आबांनी तो न चिडता परत सांगितला.

"बरोबर," राजू म्हणाला. "आता नाव सांगा. खात्यावर नाव कसं आहे?"

"इंदुमती दिनकर..." काका म्हणाले आणि थांबले. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा अजून भिंतीकडंच बघत होते.

"दिनकरराव," काका फोनमध्ये म्हणाले. "राव लाव, राजू. इंदुमती दिनकरराव रेडेकर."

खात्यावर नुसतं दिनकर होतं. त्या अख्ख्या दिवसात तेवढ्या एका वेळी मी तोंड बंद ठेवलं.